नापासांचा हंगाम

आमच्या आरमोरीकडे हंगाम म्हटला की पहिल्यांदा नाटकाचाच. दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया सुरू झाल्या की वडशाच्या नाटक कंपन्या बाहेर पडतात, आणि मग होळीपर्यंत झाडीपट्टीत रोज रात्री कुठं ना कुठं पडदा उघडतो. शिक्षिका झाल्यापासून हा हंगाम मी सहसा चुकवलेला नाही. रात्रभर नाटक आणि सकाळी शाळेत हजेरी... डोळे मिटायचे, पण पोरांना कळू द्यायचं नाही!

2022 साली मात्र हुकला. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू पिकला होता. लेक म्हणाली, "आई, तू इकडंच ये, ऑपरेशनही करू आणि थोडी राहाशील." म्हणून नोव्हेंबर ते होळी मी डोंबिवलीत होते. नाटकाचा हंगाम गेला आणि त्याच महिन्यांत फुटबॉलचा एक हंगाम पदरात पडला. तोही कसला, तर दुसऱ्या पायरीचा. म्हणजे ज्यातून वर जायची आशा आणि खाली पडायची भीती दोन्ही असतात, तसला.

झालं असं. माझा नातू तेव्हा बारा वर्षांचा. फुटबॉलचं भयंकर वेड. मी पोचले तेव्हा तो शाळेच्या 'अ' संघातून 'ब' संघात गेला होता आणि त्यानं खेळायलाच जाणं सोडलं होतं. बूट पलंगाखाली, आणि साहेब पलंगावर भिंतीकडं तोंड करून. लेक समजावून थकली. जावईबापूंनी रागावून पाहिलं. मी छत्तीस वर्षं मास्तरकी केलेली, पण नातवापुढं ती विद्या चालत नाही. मग मीच एकदा म्हटलं, "मला एक तरी खरा सामना दाखव रे, डोळा नवा झालाय तर काहीतरी नवं बघू दे." या मात्रेनं गुण आला.

तो मला घेऊन गेला कूपरेज मैदानावर. डोंबिवलीहून लोकलनं सीएसएमटी, तिथून टॅक्सी. डोळ्यावर काळा चष्मा, पिशवीत थेंबांची बाटली आणि लेकीनं दिलेले पराठे. खेळणारा संघ होता 'मुंबई केंकरे'. केंकरे म्हटल्यावर मला आठवले नाटकवाले दामू केंकरे; म्हटलं, चला, इथंही नाटकच! नातवानं कपाळाला हात लावला.

मैदानावर प्रेक्षक मोजता येतील इतके. आमच्याकडच्या एखाद्या मंडईतल्या कोंबड्यांच्या झुंजीला याहून गर्दी असते. पण गंमत अशी की गर्दी नसल्यामुळं सगळं ऐकू येत होतं. चेंडूला लागलेली लाथ, प्रशिक्षकाची ओरड, एका खेळाडूनं दुसऱ्याला दिलेली शिवी. हिरवळ खरी नाही, कृत्रिम आहे, हे मला नातवानं सांगितलं तेव्हा कळलं. नव्या डोळ्याला ती इतकी हिरवी दिसत होती की रोवणीनंतरची बांधी आठवली.

त्या दिवशी केंकरे हरले. परतताना लोकलमध्ये नातवानं मला सगळी व्यवस्था समजावून सांगितली. मी ती माझ्या भाषेत लिहिते.

भारतात पूर्वी 'आय-लीग' हा सगळ्यात वरचा वर्ग होता. 2014 साली 'इंडियन सुपर लीग' आली, आठ संघांची, आणि तिच्यात कोणी नापास होण्याची सोयच नव्हती. शेवटून पहिला आला तरी पुढल्या वर्षी त्याच बाकावर. 2022-23 या हंगामापासून ठरलं, की आय-लीग हा दुसरा वर्ग, आणि तिथं पहिला येईल तो वर चढणार. बारा संघ, प्रत्येकाचे बावीस सामने, आणि तळाचे दोघे खाली जाणार. म्हणजे मी पाहत होते तो पहिलाच असा हंगाम होता, ज्यात वरचं दार उघडं होतं आणि खालचंही.

"म्हणजे केंकरे नापास होतील?" मी विचारलं.

"रेलिगेट होतील, आजी. नापास नाही."

मला तो फरक कळला नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी मनात वेगळंच काहीतरी सुरू झालं होतं.

1985 साली मी आठवीची वर्गशिक्षिका होते. वर्गात एक मुलगा होता. त्याचं नाव लिहीत नाही. जंगलातल्या गावाहून आलेला, आरमोरीत आतेकडं राहायचा. पळायला असा की तालुक्याच्या शर्यतीत मागं वळून बघायचा, बाकीचे कुठं राहिले म्हणून. गणितात सहा गुण कमी पडले, इंग्रजीत चार. निकालाच्या सभेत मुख्याध्यापकांनी विचारलं, "बाई, तुमचं काय मत? सवलतीचे गुण देऊन ढकलायचा का वर?" मी चौतीस वर्षांची होते. माझ्या वर्गाचा निकाल कडक असतो याचा मला अभिमान होता. मी म्हटलं, "नको सर. एक वर्ष पक्का होऊ द्या."

एक मेला निकाल लागला. तो ते प्रगतिपत्रक घेऊन वर्गाच्या दाराशी थोडा वेळ उभा होता. मे महिन्यात तो तेंदूपत्ता तोडायला गेला. जूनअखेर शाळा उघडली, त्याचं नाव मी आठवीच्या हजेरीपटावर पुन्हा स्वतःच्या हातानं लिहिलं आणि रोज त्यापुढं गैरहजेरीची खूण करत राहिले. रोवणी संपली, पोळा झाला, तो आला नाही. दिवाळीनंतर नाव कमी झालं.

यात नवल काही नव्हतं. दरवर्षी असे चार-सहा जायचे. आम्ही त्याला 'गळती' म्हणायचो. जणू छपरातून पाणी गळतं तशी पोरं आपोआप गळतात!

असो. हंगामाकडं येते.

मग आम्हा आजी-नातवाला नादच लागला. कूपरेजला आणखी दोनदा जाऊन आलो, बाकीचे सामने मोबाइलवर. केंकरेंची गाडी काही रुळावर येईना. दर आठवड्याला नातू एका कागदावर गुणतक्ता लिहायचा आणि केंकरे तळाला की तळाच्या एक घर वर, एवढाच प्रश्न असायचा. वरच्या टोकाला पंजाबचा राउंडग्लास संघ धावत सुटलेला; त्यांनीच शेवटी ती स्पर्धा जिंकली आणि वर चढणारा पहिला संघ म्हणून इतिहासात नाव घातलं. पण मला वरच्या टोकात गोडी नव्हती. हुशार मुलांचं काय, त्यांना शिक्षक नसला तरी चालतो. माझं लक्ष तळाकडं.

त्याच सुमारास नातवानं मला दोन गोष्टी सांगितल्या. दोन्ही घडलेल्या आहेत आणि दोन्हींनी माझी झोप घालवली.

पहिली आपल्या मुंबईतलीच. मुंबई एफसी नावाचा संघ होता. 2007 साली निघाला, 2008 मध्ये दुसरी श्रेणी जिंकून वर आला आणि पुढं कित्येक वर्षं कसाबसा का होईना, वर टिकून राहिला. खालिद जमील नावाचे प्रशिक्षक त्यांना दरवर्षी काठावर पास करून आणायचे. 2016 मध्ये त्यांना काढून टाकलं. ते गेले मिझोरामला, आयझॉल संघाकडं. हा आयझॉल त्याच वर्षी नापास होऊन खाली गेला होता. पण गोव्याच्या दोन संघांनी स्पर्धा सोडली, जागा रिकाम्या झाल्या, म्हणून त्याला पुन्हा वर घेतलं. आमच्या भाषेत सांगायचं तर ग्रेस देऊन ढकलला. आणि 2016-17 मध्ये ह्या ढकललेल्या पोरानं काय करावं? पहिला नंबर! मोहन बागानसारख्या संघाला एका गुणानं मागं टाकून. त्याच हंगामात मुंबई एफसी शेवटचा आला. खाली गेला म्हणावं तर तेही नाही, कारण खाली जाऊन खेळण्याऐवजी मालकांनी संघच बंद करून टाकला. (जमील 2025 मध्ये भारताच्या संघाचे प्रशिक्षक झाले, तेव्हा नातवाचा मला मुद्दाम फोन आला होता.)

ग्रेसचा पोरगा पहिला आला. हे वाक्य मी त्या रात्री कितीदा मनाशी म्हटलं असेल.

दुसरी गोष्ट स्कॉटलंडची. एडिंबरो शहरात हार्ट्स नावाचा जुना संघ आहे. 2013 साली त्याचं दिवाळं वाजलं. शिक्षा म्हणून नव्या हंगामाची सुरुवातच वजा पंधरा गुणांपासून. विचार करा, पेपर हातात पडायच्या आधीच पंधरा गुण कापलेले! साहजिकच 2014 मध्ये शेवटचा नंबर आणि खालच्या वर्गात रवानगी. तिथं दहा संघ, प्रत्येकाशी चार-चार वेळा गाठ, एकूण छत्तीस सामने. त्या वर्षी त्या खालच्या वर्गात गंमतच होती, कारण एडिंबरोचाच दुसरा मोठा संघ हिबर्नियन आणि ग्लासगोचा रेंजर्सही तिथंच बसलेले. आम्ही म्हणायचो ना, 'यंदाच्या नापासांत पाटलाचाही पोरगा आहे', तसं. हार्ट्सनं पहिल्याच सामन्यात रेंजर्सला त्यांच्या घरी हरवलं, अगदी शेवटच्या क्षणी. पुढं काउडनबीथ नावाच्या छोट्या संघावर दहा गोल चढवले आणि सात सामने बाकी असतानाच पहिला नंबर पक्का केला. एकूण गुण 91.

पण मला त्या गोलांचं कौतुक नाही. मला कौतुक वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. संघ खाली गेला त्या वर्षी दहा हजारांवर लोकांनी आख्ख्या हंगामाची तिकिटं काढली. दरमहा स्वतःच्या खिशातून पैसे भरले, आणि 2021 साली संघाची बहुतांश मालकी त्या लोकांच्याच हाती आली. नापास झालेल्या पोराला सगळं गाव शाळेच्या दारापर्यंत सोडायला आलं, असं समजा.

माझ्या वर्गातल्या त्या मुलाच्या घरी मी गेलेसुद्धा नव्हते. बारा किलोमीटर. सायकल होती माझ्याकडं.

आता कोणी म्हणेल, बाई, म्हणजे सगळ्यांना पासच करत सुटायचं का? तेही मी पाहिलंय. मी निवृत्त झाले आणि 2010 पासून शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला, आठवीपर्यंत कोणाला त्याच वर्गात ठेवायचं नाही असा. नव्या शिक्षकांकडून ऐकते, की नववीत आलेल्या मुलाला जोडाक्षर वाचता येत नाही. सुपर लीगसारखंच झालं ते. नापासाची भीती नाही आणि कोणी मागं वळून बघतही नाही. 2023 मध्ये आपल्या राज्यानं पाचवी-आठवीला पुन्हा परीक्षा आणली, राहिलेल्याला लगेच दुसरी संधी देऊन. ते मला बरं वाटतं. पण दुसऱ्या संधीच्या दिवशी त्या मुलाला घरून घेऊन कोण येणार, हे त्या कागदात लिहिलेलं नसतं.

मार्च उजाडला. केंकरे खाली गेले. अकरावे ते आणि बारावा दिल्लीचा सुदेवा. नातवानं शेवटचा गुणतक्ता लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि मग पलंगाखाली हात घालून बूट बाहेर ओढले. धूळ बसली होती, माझ्याच जुन्या पदराच्या फडक्यानं पुसली. 'ब' संघाचा सराव शनिवारी असतो म्हणाला. मी काही बोलले नाही. मास्तरकी करायची वेळ नसते ती.

पण जाताना त्यानं विचारलंच. त्या मुलाची गोष्ट मी त्याला एकदा सांगितली होती. "आजी, तो परत का नाही आला? खालच्या वर्गात पण खेळता येतं ना?"

आरमोरीला आले त्याच्या चौथ्या दिवशी ओळखीचा ऑटो ठरवून मी त्या गावाला गेले. अडतीस वर्षांनी. मोहफुलांचे दिवस, सगळ्या रानाला तो वास. घर सापडलं, दाराला कुलूप. शेजारची म्हातारी सुपात मोहफुलं निवडत होती, म्हणाली, "तेलंगणात गेला जी, मिरची तोडाले. बायको-पोरं सब्बन गेले. पाडव्याच्या मंग येतीन." मी कोण, ते सांगितलं. तिनं मला पाणी दिलं आणि विचारलं, "काई काम होतं का?"

माझा नंबर एका कागदावर लिहून तिच्याकडं ठेवला आणि परत आले.

पाडव्यानंतर दहा-बारा दिवसांनी दुपारी फोन वाजला. आवाज ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. मी ऐकला होता तो चौदा वर्षांच्या पोराचा. "बाई, मी बोलतो जी," म्हणून त्यानं नाव सांगितलं, अगदी हजेरीला सांगावं तसं, आधी आडनाव. "तुमी आल्ता म्हंते घरी. कोन्तं काम होतं जी?"

मी म्हटलं, "काही नाही रे. ये एकदा आरमोरीला. जेवायलाच ये."

"येतो ना जी," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "बाई, तुमची सायकल हाये का अजून?"