चारातली एक सुट्टी

31 मार्च 2025 ला रमजान ईद होती आणि त्या दिवशी आमच्या हेडमेकॅनिकला कामावर बोलावलं गेलं. वर्ष होत आलं, तरी ते माझ्या मनातून जात नाही. बोलावणारी माणसं वाईट असती तर एव्हाना विसरले असते.

बारामतीतल्या एका ट्रॅक्टर शोरूममध्ये मी हिशेब बघते. माहेर निमगाव केतकीचं, सासर इथलं. पुढं विक्री, मागं वर्कशॉप, बाजूला पार्टचं स्टोअर. मेकॅनिकना सगळे चाचा म्हणतात. ते मूळचे इंदापूरचे, चाँदशावली बाबांच्या दर्ग्याजवळचे. पेंटर बिहारचा आहे, स्टोअरमधली दोघं भीमनगरची. बाकी आम्ही आसपासच्या गावचे.

आमच्या धंद्यात सण म्हणजे कामाचा दिवस. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळी पाडवा या मुहूर्तांवर शेतकरी ट्रॅक्टर घरी नेतो. महिनाभर आधी गाडी बुक करून ठेवतो आणि चावी मात्र त्याच दिवशी हातात घेतो. त्यामुळं माझ्या लग्नानंतर दसऱ्याला दुपारचं जेवण मी घरी जेवलेली नाही. याबद्दल सासूबाई आजही बोलतात आणि त्यांचं बरोबर आहे.

मग सुट्टी कधी? 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानं, तो लागू असलेल्या ठिकाणी वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या द्याव्या लागतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या चार ठरलेल्या. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी आपसात ठरवायच्या. सरकारी नोकराच्या यादीत रमजान ईद, बकरी ईद, मोहरम, महावीर जयंती, गुड फ्रायडे, बुद्ध पौर्णिमा, 14 एप्रिल, गुरू नानक जयंती, पारशी नववर्ष, सगळं असतं. खासगी दुकानात काम करणाऱ्याला ती यादी फक्त कॅलेंडरवर लाल दिसते. आपल्याकडं सुट्ट्या फार असं म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्या वर्कशॉपमध्ये येऊन बघावं.

आमच्या चार म्हणजे धुळवड, पालखी, गणेश चतुर्थी आणि भाऊबीज. त्या कुणी ठरवल्या ते कुणालाच आठवत नाही.

डिसेंबर 2024 च्या मीटिंगमध्ये चाचा म्हणाले, "शेठ, औंदा धुळवडीच्या जागी रमजान ईद धरा."

शेठ रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "तारीख काय?"

"सरकारी यादीत 31 मार्च आहे."

"पण चंद्रावर ना? आदल्या रात्री कळणार. मी गिऱ्हाइकाला काय सांगू?"

तेवढ्यात स्टोअरमधला पोरगा बोलला, "मग 14 एप्रिल धरा. ती काही चंद्रावर नाही." त्याचं ऐकून पेंटरनं छठ काढली. त्याचं म्हणणं असं, की छठला गावी जाता येत नाही, निदान नीरेच्या काठावर तरी जाऊ दे. शेठ म्हणाले, "असं एकेकाचं ऐकत बसलो तर उजाडेल. हात वर करा."

मी नोंद लिहीत होते, म्हणून मला सगळ्यांचे हात दिसत होते. ईदला चाचांचा आणि सर्व्हिसिंगच्या एका पोराचा, एवढेच हात वर आले. 14 एप्रिलला स्टोअरमधल्या दोघांचे आणि वॉशिंगवाल्याचे आले. छठला पेंटर एकटाच. ज्यांची मागणी पडली होती, त्यांनी एकमेकांच्या मागणीला हात दिला नाही. 14 एप्रिलला चाचांचा हात खाली होता आणि ईदला स्टोअरमधल्या पोरांचे. धुळवडीला मात्र भराभर हात आले. यादी होती तशीच राहिली आणि शेठ मनापासून म्हणाले, "बघा, लोकशाहीनं झालं."

तेव्हापासून मी या एकाच गोष्टीवर अडले आहे. कायद्याला दोन्ही बाजूंची सहमती हवी. ज्यांची संख्या जास्त, त्यांनी कमी असलेल्यांना दर वर्षी हरवायचं, याला सहमती कसं म्हणायचं? असं मत घेत राहिलं तर चाचांना निवृत्त होईपर्यंत ईद मिळणार नाही, पेंटरला छठ मिळणार नाही, आणि प्रत्येक डिसेंबरात नियमानं झालं असंच आम्ही लिहिणार. मालकानं हुकूम सोडला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. हातांच्या मोजणीपुढं चाचा काय भांडणार?

तारखेची अडचण मला पटत नाही. 2023 मध्ये राज्य सरकारनं बकरी ईदची सुट्टी 28 जूनवरून 29 जूनला नेली. त्याच वर्षी 28 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकत्र आली, तेव्हा मिलादची सुट्टी 29 ला दिली. 2025 ला मुंबईपुरती ती 5 सप्टेंबरवरून 8 ला गेली. एवढ्या मोठ्या राज्याचा कारभार सरकतो, तर एका वर्कशॉपचा का सरकू नये?

2025 चा पाडवा 30 मार्चला आला, रविवारी. सकाळपासून डिलिव्हरी चालू होती. गाडी धुतली, तपासली, झेंडूचा हार बांधला, नारळ फोडला, चावी दिली की पुढची. चाचांचा एकोणतिसावा रोजा होता. उन्हात ते प्रत्येक गाडी स्वतः चालू करून, हायड्रॉलिक उचलून बघत होते. गिऱ्हाइकं पेढे देत. ते कपाळाला लावून घेत आणि टूलबॉक्सवरच्या कागदात ठेवत. संध्याकाळी चंद्र दिसल्याची बातमी आली. आम्ही सगळ्यांनी मुबारक म्हटलं. शेठनीही हात मिळवला आणि हात हातात असतानाच म्हणाले, "चाचा, उद्या नमाज झाली की या. मार्च एंड आहे. राहिलेल्या गाड्या उद्याच गेल्या पाहिजेत."

चाचांनी किरकोळ रजा मागितली. रजा शिल्लक होती, मीच ती लिहिते. शेठनी फोन पुढं केला. सरकारी व्यवहार करणाऱ्या बँका 31 तारखेला उघड्या ठेवायच्या, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलं होतं आणि त्यापुरती ईदची सुट्टी मागं घेतली होती. "बँकेला नाही, तर आपल्याला कुठनं?" मार्च एंड माझा होता, हिशेबाचा. मेकॅनिकचा त्याच्याशी काय संबंध, हे मी तिथंच विचारलं. शेठ म्हणाले, "ताई, गाडी गेल्याशिवाय तुमचं बिल या वर्षात बसंल का?" तेही खरं होतं.

सकाळी चाचा नव्या कुर्त्यावर वर्कशॉपचा डगला घालून आले. दहा वाजता धुळवडीला हात वर करणाऱ्यांपैकीच एक जण प्रेमानं म्हणाला, "चाचा, शिरखुर्मा कुठाय? दर वर्षी आणता." चाचांनी पाना खाली ठेवला. "दर वर्षी मी रजा घेऊन घरी असतो. आज तुमच्यात आहे. कोण आणणार?"

यावर कुणी काही बोललं नाही. दुपारी मी त्यांच्याजवळ गेले आणि पुढच्या वर्षी सगळ्यांना सांगून तुम्हाला सुट्टी देऊ, असं काहीसं म्हटलं. ते चिडले. "देऊ नका. मला उपकार नको. चारातली एक माझी आहे, ती पाहिजे."

मी पूर्वी आमच्या वर्कशॉपबद्दल अभिमानानं बोलायचे. ईदला शिरखुर्मा, दिवाळीला फराळ, उरुसाला सगळे इंदापुरात. 29 जून 2023 ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली, तेव्हा राज्यात कितीतरी गावांतल्या मुसलमानांनी त्या दिवशी कुर्बानी न करण्याचं आपणहून ठरवलं. कुर्बानी तीन दिवस करता येते, म्हणून चाचांनीही दुसऱ्या दिवशी केली. त्याचं कौतुक मी चार ठिकाणी सांगितलं. आता वाटतं, त्यांनी एक दिवस दिला, आम्ही काय दिलं? असं म्हणते खरी, पण तो शिरखुर्मा आणि तो फराळ खोटा होता असंही मला म्हणवत नाही.

माझी बहीण अमेरिकेत न्यू जर्सीला असते. 1 नोव्हेंबर 2024 ला न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळा पहिल्यांदा दिवाळीसाठी बंद राहिल्या. ती बातमी आमच्या शोरूमच्या ग्रुपवर किती फिरली! प्रत्येकाची छाती फुगली. त्याच शाळांना ईदची सुट्टी 2015 पासून आहे, हे बहिणीनं सांगितलं. तिकडं थोडक्या लोकांच्या सणाला शाळा बंद ठेवतात याचा आम्हाला आनंद, आणि पुढच्याच महिन्यात आमचे हात खाली.

डिसेंबर 2025 मध्ये मी कागद करून दिला. केंद्र सरकारच्या नोकरांना दोन ऐच्छिक सुट्ट्या यादीतून आपापल्या निवडता येतात. तसंच चारांपैकी दोन सगळ्यांच्या, दोन ज्याच्या त्याच्या. सगळ्यांच्या दोनांत मी भाऊबीज आणि पालखी लिहिली. सह्या घेताना पेंटरनं विचारलं, "ताई, पालखी सबकी क्यों? छठ मेरी अकेले की?"

मी सांगितलं, त्या दिवशी तुकोबांची पालखी शहरात असते, रस्ते बंद असतात, एकही ट्रॅक्टर आत येऊ शकत नाही. हे खरंच आहे. पण पालखी काटेवाडीत पोचते, परीट धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्या पालखीभोवती धावतात, पुढं बेलवाडीचं रिंगण होतं आणि मग ती माझ्या माहेरी येते. पालखी मला दोन ऐच्छिकांत टाकवत नाही. रस्ते उघडे असते तरी टाकवली नसती. पेंटरला मी हे सांगितलं नाही, पण त्याला ते कळलं असावं. त्यानं सही केली आणि छठच्या पुढं स्वतःच्या अक्षरात दोन दिवस लिहिले, संध्याकाळचं अर्घ्य आणि सकाळचं. चाचांनी एकच लिहिली आणि दुसरी जागा रिकामी ठेवली. बकरी ईदला किरकोळ रजा घेईन म्हणाले.

2026 चा पाडवा 19 मार्चला आणि सरकारी यादीत रमजान ईद 21 ला. कागद शेठच्या टेबलावर आहे. वाचलाय म्हणाले, सही अजून केलेली नाही.