वासटेचे देऊळ

रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात सिरपूरहून आणलेला एक शिलालेख आहे. या शहरात चाळीस वर्षे संसार करूनही मी तो पाहिला नव्हता. पाहिला तो हे गेल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात. अक्षरे सुरेख, पण मला न वाचता येणारी. रायबहादूर हिरालाल यांनी केलेले त्याचे वाचन पुढे ग्रंथालयात मिळाले.

हा लेख एका विधवेचा आहे. वासटा ही मगधाच्या सूर्यवर्म्याची कन्या, हर्षगुप्ताची राणी आणि महाशिवगुप्त बालार्जुनाची आई. मुलगा शिवभक्त, त्याने किमान ५७ वर्षे राज्य केले. आईने मात्र दिवंगत पतीसाठी विष्णूचे देऊळ उभारले. देवळाला गावे लावून दिली, ब्राह्मणांचे वाटे ठरवले आणि पुढे अटी घातल्या: वाटा मुलानातवांकडे जाईल तो ते वेद जाणत असतील तर, जुगारी नसतील, कुणाची चाकरी करीत नसतील तर. अपात्र ठरेल त्याचा वाटा जाईल आणि त्याच्या जागी दुसरा जाणता, वयस्क माणूस घेतला जाईल.

हे वाचताना मला संकोच वाटला. त्याच सुमारास मीही माझ्या मृत्युपत्राचा कच्चा खर्डा करीत होते. तात्यापाऱ्यातले आमचे घर सासऱ्यांनी बांधलेले, जुन्या विटांचे. 'हे घर विकू नये' अशी अट मी घातली होती. मुलगा पुण्याला, मुलगी परदेशी. दोघांनीही त्यावर काही म्हटले नाही. मुलाने एवढेच विचारले होते, "आई, दाराची सागवानी चौकट कधी काळी मला इकडे आणता येईल?" त्या प्रश्नाने मी आठवडाभर दुखावले गेले होते.

सिरपूरला 'जाऊ एकदा' असे हे दरवर्षी म्हणत. ऐंशी किलोमीटर म्हणजे काही लांब नव्हे. म्हणूनच जाणे झाले नाही.

एका सकाळी एकटीच निघाले. आरंग मागे पडले, महानदीचा पूल ओलांडला. कुहरी मोडावर बस सोडून दुसरी गाडी धरली. पुढचा रस्ता रानातून जातो.

लक्ष्मण मंदिर समोर आले आणि आधी जाणवला तो त्याचा रंग. उंच दगडी जोत्यावर सगळे शिखर विटांचे. सातव्या शतकाच्या आरंभाच्या आसपासच्या या विटा इतक्या घट्ट बसल्या आहेत की सांध्यात नखही शिरू नये. भिंतींवर गवाक्षांचे आकार कोरलेले, पण त्यांतून आत काही दिसत नाही. विटेतच खिडकीचा भास. गर्भगृहाची द्वारशाखा तेवढी दगडाची. माथ्यावर शेषशायी विष्णू, बाजूंना त्याचे अवतार. तिथे मी बराच वेळ उभी राहिले. उन्हे सरकली तशी शेषाची वेटोळी उठावदार झाली.

मंडप मात्र पडला आहे. खांबांचे बुंधे उरलेत. अटी कोरलेली ती शिळा या मंडपाच्याच ढिगाऱ्यात सापडली. आत आज नागफण्याखाली बसलेली एक लहान मूर्ती आहे, तिला लोक लक्ष्मण म्हणतात, म्हणून देऊळही लक्ष्मणाचे झाले. वासटेचे नाव कुणाच्या तोंडी नाही. गावे गेली, वाटे गेले. ज्याच्यासाठी हे सारे केले, त्याचे नावही संग्रहालयात जाऊनच वाचावे लागते.

मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी १९५०च्या दशकात उत्खनन केलेला आनंदप्रभकुटी विहार मी घाईनेच पाहिला. अंगणाभोवती भिक्षूंच्या खोल्या, आत भूमिस्पर्श मुद्रेतला बुद्ध. सुरंग टीलाच्या खचलेल्या, तिरक्या पायऱ्या चढण्याचे धाडस गुडघ्यांनी नाकारले. अवशेष पाहायला तरुणपणी यावे, असे उगीच वाटून गेले.

दुपार कलताना नदीकाठच्या गंधेश्वराला गेले. गावातली नांदती पूजा इथे आहे. हे देऊळ जुन्या पडक्या देवळांच्या दगडांचे आहे. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीत त्याचा जीर्णोद्धार झाला, असे सांगतात. एकमेकांशी न जुळणारे खांब शेजारी उभे आहेत. कुठल्या मंदिराचा कुठला खांब, हे विचारायला कुणी येत नाही. त्यांना टेकून एक बाई मुलाला भरवत होती. दाराशी फुले विकणारीने विचारले, "अकेल्ला आए हस का दाई?" मी हो म्हटले. तिने दोन फुले जास्तीची घातली.

पायऱ्यांवर बसून महानदी पाहिली. पाणी कमी, वाळूच फार. रडू येईल असे वाटले होते, आले नाही. वासटेचा मला राग आला होता, हे तिथे ध्यानात आले. आणि तो का आला, हेही.

घरी पोचले तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. दिवा लावून प्रथम यांच्या खणातली मोजपट्टी शोधली आणि पुढच्या दाराची चौकट मापली. उंची सहा फूट दोन इंच भरली. रुंदी तीनदा मोजावी लागली. पट्टीचे दुसरे टोक धरायला कुणी नव्हते.