पाठ कोणाकडे करायची?

बर्फावरील नृत्याचा आणि कुरखेड्याचा संबंध काय, असा प्रश्न वाचकास पडणे स्वाभाविक आहे. सती नदीच्या काठी वसलेल्या या तालुक्याच्या गावी बर्फ म्हटला की उन्हाळ्यातील रसवंतीच आठवते. तरीही युवक महोत्सवासाठी महाविद्यालयाचा लोकनृत्याचा संघ बसवताना आम्हांस वारंवार त्या दूरच्या खेळाची आठवण होत आली आहे.

१९७६ साली हिवाळी ऑलिंपिकमध्ये दाखल झालेल्या या प्रकाराचे मूळ युरोपातील नाचघरांत आहे. वॉल्ट्झ, टँगो, फॉक्सट्रॉट ही तेथील सामाजिक नृत्ये. लोक ती परस्परांसाठी नाचत. पाहणारा असलाच तर तोही थोड्या वेळाने नाचणारा होई. पुढे ती बर्फावर आली, परीक्षक आले, गुण आले. म्हणून या स्पर्धकांनी अधूनमधून साध्या बॉलरूम नृत्याच्या मेळाव्यास जावे, ही सूचना आम्हांस फार मोलाची वाटते. तेथे गर्दीतून वाट काढावी लागते, अनोळखी जोडीदाराचा तोल सांभाळावा लागतो आणि मनातल्या मोजणीऐवजी वाद्याकडे कान द्यावा लागतो.

तसे न जाता नाच उचलला तर काय होते, याचे उदाहरण २००९-१० च्या मोसमाने दिले. त्या वर्षी एका फेरीसाठी लोकनृत्य हा विषय ठरलेला होता. ओक्साना डोम्निना आणि मॅक्सिम शाबालिन या रशियन जोडीने ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या नावाने एक नृत्य बसवले; अंगाला चिकटलेल्या तपकिरी कापडावर पांढऱ्या रेषा रंगवल्या. ऑस्ट्रेलियातील आदिवासी नेत्यांनी त्यास जाहीर आक्षेप घेतला. पुढे व्हँकुव्हर येथे पोशाख थोडा सौम्य झाला आणि जोडीस कांस्यपदक मिळाले. त्याच फेरीत मेरिल डेव्हिस व चार्ली व्हाइट ही अमेरिकन जोडी हिंदी चित्रपटगीतांवर नाचली; तिला अखेर रौप्यपदक मिळाले. आपल्याकडे त्याचे कौतुकच झाले. मात्र आपले म्हणून जे तेथे पोहोचले ते चित्रपटातले होते, हे आमच्या तेव्हा ध्यानी आले नाही.

रशियन जोडीस नावे ठेवणे सोपे होते. पण आम्ही स्वतः काय करीत होतो? रेला बसवताना आम्ही मुलींना रांगेत, प्रेक्षकांसमोर उभे केले. ‘हसा, मान वर, नजर परीक्षकांकडे’ अशा सूचना दिल्या. गाणे ध्वनिमुद्रित, कारण नाचताना गायले तर दम लागतो. चौथ्या दिवशी संघातील एकुलती एक गोंड विद्यार्थिनी म्हणाली, “सर, मी नाही नाचत. आमच्याकडे लोकांकडे तोंड करून नाचत नाहीत.” आम्ही तिला नियम समजावले. तिने ऐकून घेतले आणि इतकेच म्हटले, “एकदा येऊन तर बघा.”

वैशाखात तिच्या नात्यातील लग्नाच्या निमित्ताने आम्ही सारे कोरचीकडील एका गावी गेलो. कॅमेरा नेला नाही. ती तिचीच अट होती. रात्री जेवणे उरकल्यावर ढोल वाजू लागला. बाया एकमेकींच्या कमरेत हात गुंफून वर्तुळात उभ्या राहिल्या. एका बाजूने ओळ म्हणायची, दुसरीने ती उचलायची. पावले अगदी लहान. कोणी मूल झोपवायला निघून गेली की वर्तुळ मिटे. कोणी आली की पुन्हा उघडे. बाहेर बसलेल्या आम्हांस दिसत होत्या त्या फक्त पाठी.

आमच्या संघातील सर्वांत तयार मुलीस एका म्हातारीने ओढून आत घेतले. तिचे पाऊल सतत चुकत होते, कारण ती ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होती. म्हातारीने काही शिकवले नाही. फक्त तिची कमर घट्ट धरून ठेवली. कधीतरी मध्यरात्रीनंतर त्या मुलीचे ओठ थांबले.

साहित्याच्या शिक्षकांस हे नवे नसावे. कविता अभ्यासक्रमात लागते, तिचे रसग्रहण गुणांसाठी लिहिले जाते आणि ती कोणी कोणाला म्हणून दाखवलेली विद्यार्थ्याने कधी ऐकलेलीच नसते. दोष स्पर्धेचा किंवा परीक्षेचा नाही. तिच्याखेरीज दुसरी जागाच ठाऊक नसणे, हे दारिद्र्य आहे. अर्थात ‘सामग्री’ गोळा करण्यासाठी लग्नघरी जाणे ही दुसरी चोरीच होय. जायचे ते पाहुणे म्हणून, बोलावले तर.

त्या वर्षी आमचा संघ मंचावर वर्तुळात नाचला, स्वतः गायला. मुलींना दम लागला, सूर दोनदा घसरला. चेहरे दिसले नाहीत, असा शेरा मिळाला. क्रमांक आला नाही. शेरा खराच होता. आमच्या मनात मात्र दुसरेच होते. ती विद्यार्थिनी संघात परतली नव्हती. समोर, प्रेक्षकांत बसली होती. उतरल्यावर आम्ही विचारले, कसे झाले? ती म्हणाली, “बरे झाले. पण सर, तुमच्या वर्तुळात कोणी शिरू शकत नव्हते.”