वीस किलो डाळिंब

आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हाताने जायचे नाही, हा आमच्याकडचा रिवाज. यवतमाळच्या बाजारात अशा वेळी पिशवीत पहिल्यांदा पडते ते डाळिंब. आमच्या जिल्ह्याचे पीक म्हणजे कापूस, तूर, सोयाबीन. डाळिंब यायचे ते सोलापूर-नाशिककडून, म्हणून स्वस्त कधीच नसते. घरात आम्ही त्याला अनार म्हणतो. कुरआनात रुम्मान या नावाने त्याचा उल्लेख तीन ठिकाणी आहे. सूरह रहमानमध्ये तो जन्नतच्या फळांत, खजुराच्या जोडीने येतो. प्रत्येक डाळिंबात एक दाणा जन्नतचा असतो, तेव्हा एकही सांडू नका, असे आजी सांगायची. ती रिवायत हदीसच्या जाणकारांनी कच्ची ठरवली आहे; पण दाणा न सांडण्याची सवय काही वाईट नाही.

फळात गुण आहेत, यात वाद नाही. शंभर ग्रॅम दाण्यांत साधारण चार ग्रॅम तंतू, दहा मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि बऱ्यापैकी पोटॅशियम असते. रसावरच्या काही प्रयोगांत रक्तदाब थोडासा उतरलेला दिसला आहे. पोटासाठी युनानी हकीम जवारिश अनारैन देतात, वैद्य दाडिमाष्टक चूर्ण देतात. मला शंका आहे ती एकाच गोष्टीची, आणि नेमकी तीच सगळ्यांच्या तोंडी असते: डाळिंबाने रक्त वाढते.

माझी भाची दिग्रसला असते. सातव्या महिन्यात तिचे हिमोग्लोबिन आठ निघाले. भेटायला गेलो तर टोपलीत डाळिंबेच डाळिंबे. सासू, नणंदा, शेजारीपाजारी, सगळ्यांनी आणलेली. आणि आशाताईंनी दिलेल्या लाल गोळ्यांची पट्टी कपाटात जशीच्या तशी.

"मामू, गोळीने मळमळतं. शौचाला काळं होतं. शेजारच्या खाला म्हणतात, बाळही काळं होईल. त्यापेक्षा अनार बरं ना?"

मी तिला हिशेब मांडून दाखवला. शंभर ग्रॅम दाण्यांत लोह असते सुमारे 0.3 मिलिग्रॅम. गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या एका गोळीत असते साठ मिलिग्रॅम, शिवाय फॉलिक ॲसिड. म्हणजे एका गोळीइतके लोह पोटात जायला वीस किलो दाणे खावे लागतील, तेही रोज! ती हसली. मग मीच म्हणालो, बाळाचा रंग आईबापावर जातो, गोळीवर नाही. शौचाला काळे होते ते न शोषलेल्या लोहामुळे, त्यात घाबरण्यासारखे काही नाही. मळमळत असेल तर गोळी रात्री जेवणानंतर घे आणि तरीही त्रास झाला तर डॉक्टरांना सांग, पण आपल्या मनाने बंद करू नकोस.

रंग लाल म्हणून रक्त वाढवते, एवढाच त्या समजामागचा तर्क असावा. बीटाचेही तेच. हा समज निरुपद्रवी असता तर मी लिहिलेच नसते. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक, 54 टक्के, बायकांच्या अंगात रक्त कमी निघाले. बाळंतपणात रक्त गेले तर अशा बाईजवळ शिल्लक काय राहणार? आणि आपल्या विदर्भात सिकलसेलही आहे. त्यातला रक्तक्षय नुसत्या लोहाने भरून निघत नाही, म्हणून ती तपासणी आधी करून घ्यावी.

मग डाळिंब खायचेच नाही का? खावे की. त्यातले क जीवनसत्त्व डाळी-भाजीतले लोह शोषायला मदत करते. हेच काम लिंबू किंवा आवळा अधिक स्वस्तात करतो. भाकरी, तुरीचे वरण, हिरवी पालेभाजी, तिळाची चटणी आणि वर पिळलेले लिंबू. जमेल तेव्हा मटण. एवढे ताटात असले की डाळिंब हौसेने खावे. मधुमेह असेल तर मूठभर दाणे चावून खावेत, रस नको. एका पेल्यात दोन-तीन फळांची साखर जाते आणि तंतू गाळणीत राहतात. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारूनच खावे.

भाचीने गोळ्या सुरू केल्या. महिनाभरानंतरच्या तपासणीत हिमोग्लोबिन सव्वानऊ झाले. गोळीची सवय झाली, अवघड गेला तो चहा. जेवण झाले की लगेच चहा, ही आमच्या घराघरातली रीत, आणि तो लोह शोषू देत नाही. तासा-दीड तासाने घे म्हटले, तर भाचीआधी तिच्या सासूबाईच नाराज झाल्या.