मागून येणाऱ्यांची शर्यत

लखनौचे नाव काढले की मराठी माणसाच्या मनात प्रथम काय येते, हे मला आता अनुभवाने ठाऊक झाले आहे. चिकनचे कुडते, कबाब, आणि ‘पहले आप, पहले आप’ म्हणता म्हणता गाडी चुकलेल्या दोन सद्गृहस्थांची गोष्ट! संगीताची आवड असणारा असेल, तर तो पंडित भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ साली येथे निघालेल्या विद्यालयाचे नाव घेतो. अशा शहरात माणसे भल्या पहाटे उठून एकमेकांच्या पुढे जाण्यासाठी रस्त्यावर धावतात, असे सांगितले तर, वाचकहो, आपला चटकन विश्वास बसायचा नाही. पण तो बसवून घ्यावा.

आमचे मंडळ अगदी साधे आहे. त्याला ना कार्यालय, ना घटना. गोमतीच्या काठी पहाटे साडेपाचला जमावे आणि धावावे, एवढाच त्याचा नियम. त्यात एक निवृत्त सुभेदार आहेत, दोन शिक्षिका आहेत, एक शिंपी आहे, बँकेत रोखपाल असलेला एक अतिशय चपळ तरुण आहे, आणि ज्यांना सारेजण ‘भाभीजी’ म्हणतात अशा चोपन्न वर्षांच्या एक गृहिणी आहेत.

पावसाळा सरला की आमचा हंगाम सुरू होतो. मंडळातील पट्टीचे धावणारे १९ नोव्हेंबरला प्रयागराजला जातात. तेथे इंदिरा गांधींच्या जन्मदिनी आनंद भवनापासून निघणारी पूर्ण मॅरेथॉन १९८५ साली सुरू झाली. अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर! शरीरात साठवलेली साखर साधारणतः तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास संपत येते आणि पाय शिशाचे होतात. म्हणून जाणते लोक आरंभी मुद्दाम हळू धावतात. बाकीच्यांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात दहा किंवा एकवीस किलोमीटरच्या शर्यती असतात. त्याच दिवसांत येथे धुके उतरते. दहा पावलांवरचा माणूस दिसेनासा होतो, आणि थंड हवेत धूर जमिनीलगत कोंडून राहतो. धावताना आपण एरवीच्या कितीतरी पट हवा आत ओढतो, म्हणून हवा वाईट असेल त्या दिवशी घरीच व्यायाम करावा, हा सुभेदारांचा दंडक आहे. तरुणांना तो रुचत नाही. मला मात्र रास्त वाटतो.

या छंदाशी आपल्या मुलखाचे नाते जुने आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर १९१९ साली झालेल्या शर्यतींत अनवाणी धावणारे शेतकरी पाहून सर दोराबजी टाटा इतके प्रभावित झाले की, पुढच्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदी खेळाडूंचा चमू गेला. बेळगावकडचे फडेप्पा चौगुले तेथे मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. एकोणिसाव्याला पदक मिळत नाही, हे खरे. पण त्या वर्षीचे अंतर पावणेत्रेचाळीस किलोमीटर होते आणि ते त्यांनी दोन तास एक्कावन्न मिनिटांच्या आत तोडले, हेही तितकेच खरे.

स्त्रियांना मात्र रस्ता फार उशिरा मोकळा झाला. १९२८ साली ॲमस्टरडॅमला स्त्रियांची ८०० मीटरची शर्यत झाली. धावणाऱ्या दमलेल्या दिसल्या याचा एवढा गवगवा झाला की, ती शर्यत ऑलिंपिकमध्ये पुन्हा यायला १९६० साल उजाडले, आणि स्त्रियांची मॅरेथॉन तर १९८४ पर्यंत नव्हतीच. जणू पुरुष शर्यतीनंतर ताजेतवाने दिसतात! २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत आमच्या शेजारच्या रायबरेलीच्या सुधा सिंग यांनी अडथळ्यांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवले आणि नाशिककडच्या कविता राऊत यांनी दहा हजार मीटरमध्ये रौप्यपदक. ही बातमी सांगूनच भाभीजींनी घरच्यांची संमती मिळवली, असे त्या हसत सांगतात. यजमानांची अट एकच होती, आधी डॉक्टरांना दाखवायचे. हृदयाचा आलेख निघाला, रक्तातील साखर तपासली गेली, आणि चालणे-धावणे, चालणे-धावणे असे करत दीड वर्षात त्या एकवीस किलोमीटरला उभ्या राहिल्या.

जानेवारीतील त्या शर्यतीची मुदत साडेतीन तासांची जाहीर झाली होती. परंतु तीन तास होताच संयोजकांच्या माणसांनी पाण्याची मेजे उचलली आणि रस्ता मोटारींना खुला झाला. भाभीजी तेव्हा अठराव्या किलोमीटरवर होत्या. त्या पदपथावर चढून, केळीवाल्याकडून पाणी मागून घेऊन, तीन तास बावीस मिनिटांत पोचल्या. तोवर कमान उतरवली होती आणि पदकांची खोकी टेम्पोत गेली होती. त्या काही बोलल्या नाहीत. बुटाची नाडी सोडत बसल्या.

त्या रविवारी मंडळात कडाक्याचा वाद झाला. सुभेदार म्हणाले, पलटण शेवटच्या शिपायाला घेऊनच मुक्कामी पोचते. रोखपाल उत्तरला, “चाचा, ही पलटण नव्हे, शर्यत आहे. मी चारला उठून वर्षभर एकेक सेकंद कमी करतो, तो मागे वळून पाहण्यासाठी नव्हे.” शिवाय घामाने भिजलेल्या कपड्यांनी थंडीत तासभर उभे राहिले तर पोटऱ्या आखडतात, हेही त्याने सांगितले. त्याचे म्हणणे खोटे नव्हते. वेगाचा ध्यास घेणाऱ्याला स्वार्थी म्हणणे मला मुळीच पटत नाही. त्याच्यावाचून शर्यतीला अर्थ काय? तथापि साडेतीन तासांचा शब्द दिल्यावर तो पाळलाच पाहिजे, इतकेच भाभीजींचे मागणे होते, आणि त्यावर त्यालाही उत्तर सुचले नाही.

अखेर पाळ्या ठरल्या. दर शर्यतीला ज्यांची धाव नसेल अशा दोघांनी शेवटच्या टप्प्यात पाणी, मीठ-साखर आणि कोरडी शाल घेऊन थांबायचे, आणि नाव नोंदवण्यापूर्वी संयोजकांना मुदतीविषयी लेखी विचारायचे. दोन ठिकाणांहून उत्तर आले नाही. तेथे आम्ही गेलो नाही.

फेब्रुवारीतील दहा किलोमीटरला रोखपालाची पाळी आली. त्याने कुरकूर केली, पण थर्मासमध्ये आल्याचा चहा भरून आणला. भाभीजी आल्या, शाल पांघरून निघूनही गेल्या. त्यानंतर बऱ्याच वेळाने एक वयस्क गृहस्थ धापा टाकीत येताना दिसले. आमच्यापैकी कोणीही त्यांना ओळखत नव्हते. रोखपाल त्यांच्या बरोबरीने शेवटचे दोनशे मीटर चालत आला, त्यांच्या हातात पेला दिला आणि वेळ विचारली. गृहस्थांजवळ घड्याळ नव्हते. पुढच्या रविवारी ते गोमतीच्या काठी साडेपाचच्याही आधी येऊन उभे होते.