यंत्राची पारख

फिरत्या वस्तूला स्थिर हत्यार लावले, की ती वस्तू गोल होत जाते, हे ज्ञान फार जुने आहे. कातारी लाकूड फिरवून पलंगाचे खूर, लाटणी आणि भोवरे कातीत असे. हेच काम धातूवर करणाऱ्या यंत्रास लेथ म्हणतात. धातू लाकडाहून कठीण. म्हणून कापणारे हत्यार हातात न धरता एका सरकत्या गाड्यावर घट्ट बसवितात. इंग्लंडमध्ये हेन्री मॉडस्ली ह्या कारागिराने १८०० च्या सुमारास असा लेथ तयार केला, की त्यावर एकसारख्या आट्यांचे स्क्रू अचूक कापता येऊ लागले. दुसऱ्या यंत्रांचे भाग लेथवर घडतात, म्हणून त्यास यंत्रांची जननी म्हणतात.

ही विद्या आपल्याकडेही रुजली. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक असलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढे शेतकऱ्यांसाठी लोखंडी नांगर बनवू लागले, आणि १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. १९४१ साली किर्लोस्करांनी हरिहर येथे लेथ बनविण्याचा कारखाना काढला. १९५३ साली बंगळूरला हिंदुस्थान मशीन टूल्सची स्थापना झाली. आज राजकोट आणि बटाला येथील छोट्या कारखान्यांतूनही लेथ तयार होतात. त्यामुळे घरी एखादे यंत्र ठेवावे, अशी हौस सामान्य माणसासही करता येते. प्रश्न उरतो तो निवडीचा.

मुंबईच्या उपनगरातील गोराई हे खाडीपलीकडचे गाव. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस तिवरांनी भरलेली खाडी. तेथील एका निवृत्त कारागिराने पस्तीस वर्षे लेथ चालविला. परंतु तो लेथ मालकाचा आणि काम ठरावीक. एकाच मापाच्या पिनी त्यांनी हजारोंनी कातल्या. आता स्वतःचा लेथ असावा आणि त्यावर वाफेचे एक छोटे, खरोखर चालणारे इंजिन घडवावे, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यासाठी त्यांनी काही रक्कम बाजूस ठेवली होती. ती वाया गेली असती, तर पुन्हा तेवढी जमविण्याचे त्यांचे वय राहिले नव्हते.

“आजोबा, मोठ्यातला मोठा लेथ घ्या ना!” सातवीतला नातू म्हणाला.

“आधी सांग, आपण त्यावर काय कातणार?” आजोबांनी विचारले.

दोघांनी कागदावर यादी केली. इंजिनाचे सर्वांत मोठे चाक १०० मिलिमीटर व्यासाचे, आणि सर्वांत लांब दांडा २०० मिलिमीटरचा. लेथचे माप दोन गोष्टींवरून सांगतात: त्यावर किती व्यासाची वस्तू फिरू शकते, आणि दोन टोकांच्या मध्ये किती लांबीची वस्तू बसते. तेव्हा २०० मिलिमीटर व्यासाचे आणि ४०० मिलिमीटर लांबीचे काम घेणारे यंत्र त्यांना पुरेसे होते. घरातील वीज २३० व्होल्टची, एकफेजी. मोठ्या लेथच्या मोटरीस बहुधा त्रिफेजी वीज लागते. शिवाय मोठा लेथ म्हणजे शेकडो किलोंचा बोजा. तो बोरिवलीहून येणाऱ्या बोटीत कसा मावणार? भाईंदर, उत्तनच्या वळशाने मालमोटारीतूनच तो आणावा लागला असता.

शोध घेता घेता जुन्या यंत्रांच्या एका व्यापाऱ्याकडे त्यांना एक लहान लेथ दिसला. ज्या बनावटीच्या यंत्रावर त्यांची उमेद गेली, त्याच बनावटीचा. किंमत थोडी, रंग नवा. त्यांनी त्याच्या मुठीवर हात ठेवला. तळव्यास ती मूठ ओळखीची वाटली. नातवास वाटले, सौदा झालाच!

आजोबांनी मात्र एक जाड सळई चकमध्ये धरून तिच्यावरून हलका काप घेतला, आणि दोन ठिकाणी व्यास मोजला. वीतभर अंतरात मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा फरक आला. मग त्यांनी गाडा सरकवून पाहिला. चकजवळ तो सैल हलत होता. तेथे तो घट्ट केला, तर दुसऱ्या टोकाकडे जाताना अडकत होता. ज्या बेडवरून गाडा धावतो, तो बेड चकजवळ झिजला होता. बहुतेक काम तेथेच होते, म्हणून झीजही तेथेच अधिक होते.

“केसभराने काय बिघडते, आजोबा?”

“इंजिनाचा दट्ट्या केसभर सैल झाला, तर वाफ बाजूने निसटते आणि इंजिन थांबते. रंग डोळ्यांना फसवितो रे. मायक्रोमीटरला नाही फसवीत.”

बेड पुन्हा घासून सरळ करण्याचा खर्च लेथच्या किमतीहून अधिक होता. आजोबांनी ती मूठ हळूच पूर्वीच्या जागी आणली आणि ते निघाले. वाटेत बराच वेळ ते काही बोलले नाहीत.

पुढे त्यांनी निवडलेला लेथ साधा, लहान आणि नवा होता. नवा म्हणून त्यास परीक्षेतून सूट मिळाली नाही. तीच सळई, तेच माप. ह्या वेळी दोन्ही ठिकाणचे व्यास जुळले. चौघांनी उचलून तो बोटीत चढविला. खाऱ्या वाऱ्यात उघडे लोखंड लवकर गंजते; म्हणून रोज संध्याकाळी काम संपले, की बेड पुसून त्यावर तेलाचा पातळ हात फिरविण्याचे काम नातवाकडे आले.

यंत्र मोठे असण्यापेक्षा खरे असणे महत्त्वाचे. आपले काम, आपली जागा आणि आपली ऐपत ज्याने नीट ओळखली, त्यासच ते खरेपण पारखता येते. जिव्हाळ्याच्या वस्तूलाही माप लावणे कधी कधी जड जाते. पण ज्याच्या हातून चांगले काम व्हावयाचे आहे, त्याला ते लावावेच लागते.