अप्पा आणि महापालिकेच्या पायऱ्या

वर्गात गॉथिक वास्तुकला शिकवताना मी ब्रुसेल्सच्या टाउन हॉलचं चित्र दाखवतो. पंधराव्या शतकातली इमारत, ९६ मीटर उंचीचा मनोरा. मी स्वतः तो पाहिलेला नाही. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत अप्पांना घेऊन बहिणीकडे मुंबईला गेलो, तेव्हा ठरवलं, निदान तिथल्या महापालिकेची गॉथिक इमारत तरी आतून बघायची. २०२१ पासून ती सुट्टीच्या दिवशी लोकांना दाखवू लागले आहेत. (मुंबईकर ज्याला टाउन हॉल म्हणतात ती १८३३ ची एशियाटिकची इमारत वेगळी; तिचे खांब ग्रीक घाटाचे.)

व्ही.टी.ला उतरलो. स्टेशन आणि समोरची महापालिका, दोन्ही एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचीच. स्टेशन १८८८ मध्ये पुरं झालं, महापालिका १८९३ मध्ये. फिरोजशहा मेहतांच्या पुतळ्यापाशी अप्पा थांबले.

"बहात्तरच्या दुष्काळात त्या समोरच्या फुटपाथवर झोपायचो आम्ही. गावातले चौघं."

अप्पा संतपुरात गवंडी म्हणून ओळखले जातात. मुंबईत त्यांनी बिगारी केली होती, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं!

"मग आत कधी गेला नाहीत?"

"अंगाला चुना, पायात काही नाही. आत कशाला जातो?"

मोठ्या जिन्यापाशी त्यांनी चप्पल काढली. माहिती सांगणारी मुलगी म्हणाली, "राहू द्या आजोबा." अप्पांनी मान हलवली आणि चप्पल हातात धरूनच पायऱ्या चढले.

वर घुमट, रंगीत काचा. टोकदार कमान भार कसा खाली उतरवते, ते ती मुलगी सांगत होती. अप्पा खांबावरून हात फिरवत पुटपुटले, "कल्लु छलो अद." तिनं विचारलं, "काय म्हणाले?" मी सांगेपर्यंत अप्पाच मराठीत म्हणाले, "असली कमान आमच्या बिदरला मदरशात आहे की!"

खरंच की. महमूद गवानचा मदरसा १४७२ चा, म्हणजे ब्रुसेल्सच्याच शतकातला. इतकी वर्षं मी मुलांना हजारो मैलांवरचं चित्र दाखवत होतो. बिदरला सहल नेतो, ती किल्ला पाहून परत.

मग खर्चाचा विषय निघाला. मंजूर ११,८८,०८२ रुपये, लागले ११,१९,९६९. अप्पा हसले. "अंदाजापेक्षा कमीत काम करून देणारा गवंडी मी पाहिला नाही. मी पण नाही दिलं." कंत्राटदाराचं नाव त्यांनी दोनदा विचारून घेतलं: व्यंकू बालाजी कालेवार. दगड वाहणाऱ्यांची नावं कोण सांगणार? कामाठीपुरा ज्यांच्या नावानं वसला ते कामाठी मजूर निजामाच्या मुलखातून मुंबईत आलेले, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच राज्यातले.

बाहेर आल्यावर म्हटलं, "अप्पा, दारात उभे राहा, फोटो काढतो."

"दारात नको." ते रस्ता ओलांडून समोरच्या फुटपाथवर जाऊन बसले. "इथून काढ. मागं सगळी इमारत आली पाहिजे."

चप्पल त्यांनी तिथं बसूनच पायात घातली.